सॉर्टेड लिंक्ड लिस्टमध्ये नोड घालणे

चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावलेल्या लिंक्ड लिस्टमध्ये क्रम न मोडता नवा नोड जोडण्याची क्रिया. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडची साखळी; प्रत्येक नोडमध्ये एक किंमत आणि पुढच्या नोडचा पत्ता (नेक्स्ट) असतो. लिंक्ड लिस्टची रचना न्यूएल, शॉ आणि सायमन यांनी १९५५-५६ मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेत घडवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्समध्ये ती शिकवतात.

सी भाषेतील एका यादीत पुण्याचे पिनकोड चढत्या क्रमाने आहेत असे धरू: ४११००४ (डेक्कन), ४११०३० (सदाशिव पेठ), ४११०३८ (कोथरूड). औंधचा ४११००७ घालायचा आहे. हेडपासून (पहिल्या नोडचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलपासून) पुढे जात पहिला मोठा पिनकोड शोधायचा. तो सदाशिव पेठेचा. एकेरी यादीत मागे फिरता येत नाही, म्हणून थांबायचे त्याच्या अलीकडच्या डेक्कनच्या नोडवर.

मग दोनच असाइनमेंट, पण त्यांचा क्रम चुकवायचा नाही. आधी औंधचा नेक्स्ट सदाशिव पेठेकडे वळवायचा, नंतर डेक्कनचा नेक्स्ट औंधकडे. उलट केले तर डेक्कनमधला सदाशिव पेठेचा पत्ता पुसला जातो आणि 'औंधचा नेक्स्ट = डेक्कनचा नेक्स्ट' ही ओळ औंधला स्वतःकडेच वळवते. यादी छापायला घेतली की ४११००४ एकदा दिसतो आणि पुढे ४११००७ अखंड छापत राहतो. सदाशिव पेठ आणि कोथरूड मेमरीत असतात, पण तिथे पोचायला वाट उरत नाही.

सर्वांत जास्त घोळ हेडपाशी होतो. कॅम्पचा ४११००१ सर्वांच्या आधी येतो, म्हणजे हेडच बदलावा लागतो. फंक्शनला हेडची नुसती प्रत दिली असेल, तर हा बदल फंक्शन संपताच नाहीसा होतो आणि नवा नोड यादीत दिसत नाही. नवा हेड रिटर्न करावा, यादीच्या सुरुवातीला एक डमी (खरी किंमत नसलेला) नोड ठेवावा किंवा हेडचा पत्ता द्यावा. यातला शेवटचा मार्ग सर्वांत नेटका, कारण त्यात रिकामी यादी, सुरुवात, मध्य आणि शेवट यांना एकच कोड पुरतो ('दुवा' म्हणजे सुरुवातीला हेडचा पत्ता, 'नवा' म्हणजे घालायच्या नोडचा पत्ता):

व्हाइल (*दुवा != नल && (*दुवा)->पिन <= नवा->पिन)
    दुवा = &(*दुवा)->नेक्स्ट;
नवा->नेक्स्ट = *दुवा;
*दुवा = नवा;

नलची, म्हणजे यादी संपल्याच्या खुणेची, तपासणी आधीच हवी. अटींची अदलाबदल केली, तर यादीच्या शेवटी पोचताच सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे चुकीचा पत्ता वाचल्याने प्रोग्रॅम बंद पडतो. '<=' मुळे समान किमतीचे नोड आले त्याच क्रमाने राहतात; नुसते '<' लिहिले तर नंतर आलेला आधी बसतो.

जोडणीला वेळ लागत नाही, शोधायला लागतो. एका नोडसाठी सरासरी निम्मी यादी चालावी लागते, आणि मधल्या नोडवर थेट उडी मारता येत नसल्याने बायनरी सर्चचा (दर वेळी मधोमध बघून निम्मा भाग वगळण्याचा) इथे फायदा नाही. कशाही क्रमाने आलेले १०,००० आकडे असे एकेक करून घातले तर सुमारे अडीच कोटी तुलना होतात. आकडे आधीच चढत्या क्रमाने आले तर प्रत्येक जण शेवटपर्यंत चालतो आणि तुलना पाच कोटींच्या घरात जातात. अशा वेळी टेल पॉइंटर (शेवटच्या नोडचा पत्ता) ठेवून आधी शेवटच्या नोडशी तुलना करावी. सगळा डेटा सुरुवातीलाच हाताशी असेल, तर नोड कसेही जोडून शेवटी एकदाच मर्ज सॉर्ट (यादीचे तुकडे लावून ते एकत्र करण्याची पद्धत) चालवणे चांगले.