बियाण्याचा गहू आणि लालभडक लघवी

१९५५च्या आसपास तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, उर्फा, मार्दिन, दियारबाकिरकडच्या शेतकऱ्यांना पेरणीसाठी गहू मिळाला. काणी, म्हणजे बुरशीचा रोग, पडू नये म्हणून त्याला हेक्साक्लोरोबेन्झीन चोळलेलं होतं. (आपल्याकडे ढेकणांवर मारायची ती बीएचसी पावडर वेगळी. नावं जुळ्यासारखी असली तरी रसायनं दोन.) बियाणं खायचं नसतं हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण घरातला दाणा संपला की बियाण्याचं पोतं फुटतं. तसंच झालं. गहू जात्यात गेला, त्याच्या रोट्या झाल्या.

पुढे लोकांच्या हाता-तोंडावर फोड येऊ लागले, तेही नेमके उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर. चेहरे काळवंडले. कपाळावर, गालांवर केस इतके वाढले की लोक त्याला माकडरोग म्हणू लागले. लघवी लाल वाइनसारखी. तीन-चार हजार माणसांना ही बाधा झाली. तिचा माग गव्हाच्या पोत्यापर्यंत प्रथम नेला तो डॉ. जिहात चाम यांनी.

धान्यातलं विष आणि लघवीचा रंग यांचा संबंध यकृतात लागतो. हिमोग्लोबिनमधलं 'हीम' अस्थिमज्जेत बनतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण यकृतही स्वतःपुरतं हीम बनवतं. त्याला ते लागतं सायटोक्रोम पी-४५० नावाच्या एन्झाइमांसाठी. औषधं, कीटकनाशकं, शरीरात शिरलेलं जे जे परकं, ते निपटण्याचं काम या एन्झाइमांकडे असतं. विष जास्त आलं की यकृत ही फौज वाढवतं, म्हणजे हीमची मागणीही वाढते.

हीम तयार होतं आठ पायऱ्यांत. पाचव्या पायरीवर एक एन्झाइम युरोपॉर्फिरिनोजेन या रेणूवरचे चार आम्लगट कापून काढतो. हेक्साक्लोरोबेन्झीनने बंद पडते ती हीच पायरी, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की रसायन स्वतः जाऊन या एन्झाइमाला धरत नाही. ते पी-४५० घराण्यातल्या एका एन्झाइमाला चेतवतं. तो यकृतातल्या लोहाच्या संगतीने त्या युरोपॉर्फिरिनोजेनचंच ऑक्सिडीकरण करतो आणि त्यातून जो पदार्थ निघतो, तो पाचव्या पायरीत पाचरीसारखा बसतो. राखणदारानेच दाराला कडी घालावी, तसा प्रकार.

अडलेला माल तुंबतो. हीम बनण्याच्या वाटेवर अडकलेल्या या रेणूंपासून होणारी लालसर द्रव्यं म्हणजे पॉर्फिरिनं. ती लघवीतून जातात, म्हणून तो रंग. अतिनील दिव्याखाली ती लघवी गुलाबी-लाल चमकते. काही पॉर्फिरिनं कातडीत पोचतात. तिथे ऊन पडलं की ती प्रकाशाची ऊर्जा शोषून ऑक्सिजनला देतात, आणि बिथरलेला ऑक्सिजन भोवतालच्या पेशी जाळतो. अस्थिमज्जेतलं काम मात्र चालूच राहतं, त्यामुळे हा आजार पंडुरोगाचा नव्हे. शिशाचं तसं नाही. ते हीमच्या साखळीत दुसऱ्या आणि शेवटच्या पायरीवर घाव घालतं, तेही अस्थिमज्जेत, त्यामुळे रक्त कमी होतं.

यकृतातलं लोह या कटात सामील असल्यामुळे, आज याच जातीच्या पॉर्फिरियात (पॉर्फिरिनं तुंबण्याच्या आजारात) रुग्णाचं रक्त थोडं थोडं काढून लोह उतरवतात. ऐकायला जळवा लावण्याच्या काळातलं वाटतं, पण गुण येतो.

मोठ्यांच्या आजाराला तिथे 'कारा यारा', काळी जखम म्हणत. तान्ह्या मुलांच्या आजाराला 'पेंबे यारा', गुलाबी जखम. त्या मुलांनी रोटी खाल्लेली नव्हती. हेक्साक्लोरोबेन्झीन चरबीत विरघळतं, आणि आईच्या दुधात चरबी असते. आजारी पडलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांतली सुमारे ९५ टक्के दगावली. काही गावांत त्या वयाची मुलं जवळजवळ उरलीच नाहीत.

१९५९मध्ये तुर्कस्तानने या रसायनाचा बियाण्यावरचा वापर थांबवला. वीसेक वर्षांनी डॉक्टर पुन्हा त्या रुग्णांना भेटले, तेव्हा लहानपणी बाधा झालेल्यांचे हात खुरटलेले होते, चेहऱ्यावर व्रण होते, काहींच्या लघवीत अजूनही पॉर्फिरिनं सापडत होती. तेव्हाच्या मुली आता आया झाल्या होत्या. त्यांच्या दुधातही हेक्साक्लोरोबेन्झीन निघालं.