कॉम्प्युटर चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"दादा, बटण दाबलं की पंखा फिरतोय, लाईट लागतोय, पण स्क्रीन काळीच."

सांगली, मिरज, कुपवाड, कुठूनही फोन आला तरी पहिलं वाक्य हेच असतं. पुढची दहा मिनिटं आम्ही जे विचारतो आणि सांगतो ते एकदाचं कागदावर उतरवलं आहे. हा कागद कीबोर्डखाली सरकवून ठेवा. वेळ येईल तेव्हा स्क्रीनवर काहीच वाचता येणार नाही, म्हणून छापून देतोय.

आधी जिवाला लागलेला घोर मिटवू. टॅलीचा डेटा, लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळं हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतं. डिस्प्ले न येण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतात. त्यामुळे स्क्रीन काळी दिसताच "फॉरमॅट मारावा लागेल" असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातात मशीन देऊ नका. मग तो तुमचा भाचा असला तरी.

काळी नेमकी कधी झाली?

सगळी मेख या प्रश्नात आहे. बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगोसुद्धा दिसला नाही, तर बिघाड वायरीत, मॉनिटरमध्ये किंवा कॅबिनेटच्या आत आहे. विंडोजचा त्यात काही दोष नाही. लोगो आला, गोल ठिपके फिरले आणि मग अंधार झाला, तर यंत्र बहुधा ठणठणीत आहे, दुखणं विंडोजचं आहे. फोनवर एवढं एक सांगितलंत तरी आमचं अर्धं काम होतं.

लोगोच आला नाही तर

मॉनिटरच्या कोपऱ्यातला बारीक दिवा बघा. दिवाच नसेल तर मॉनिटरला करंट नाही. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण, एक्स्टेंशन, मॉनिटरची पिन बघा. केर काढताना पाय लागून पिन अर्धी बाहेर आलेली असते. दिवा नारिंगी असेल किंवा "नो सिग्नल" असं येऊन जात असेल, तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही एवढंच.

आता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आतलं मशीन चालू आहे, फक्त चित्र दिसत नाही. अशा वेळी मॉनिटर आणि केबल यांच्यावर संशय घ्या. केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा बसवा. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर तिच्या पंधरा पिनांपैकी एखादी वाकलेली नाही ना ते बघा आणि बाजूचे दोन्ही स्क्रू आवळा. मॉनिटरला दोन-तीन पोर्ट असतील तर त्याच्या बटणातून योग्य इनपुट निवडा. एचडीएमआयची केबल लावायची आणि मॉनिटर व्हीजीएवर ठेवायचा, हा प्रकार आमच्या दुकानातही घडला आहे. आमच्याच बिलिंगच्या मशीनची रॅम (आतली मेमरीची पट्टी) अर्धा तास काढघाल केली आणि शेवटी कामावरच्या पोराने मॉनिटरचं बटण दाबून डिस्प्ले आणला. त्या दिवशीचा चहा अर्थातच मालकाच्या खिशातून.

ज्यांनी ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) बसवलं आहे त्यांनी कॅबिनेटच्या पाठीमागे बघावं. मॉनिटरची केबल लावायला तिथे दोन जागा असतात. एक वर, माउस-कीबोर्डच्या शेजारी उभी, ती मदरबोर्डची, म्हणजे आतले सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाची. दुसरी खाली आडवी, ती कार्डाची. केबल खालच्या जागेत हवी. कार्ड असताना वरची जागा बहुतेक वेळा बंद राहते, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी 'एफ' असतो त्यांच्यात तर आतलं ग्राफिक्सच नसतं, वर कितीही केबल खुपसली तरी अंधारच. दिवाळीत जाळी-जळमटं काढताना टेबल हलवलं, वायरी काढल्या, परत लावल्या आणि डिस्प्ले गेला, असा फोन आला की आम्ही आधी हेच विचारतो.

आणखी एक युक्ती. खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी मॉनिटरवर तिरकी मारा. अगदी पुसट लोगो किंवा आयकॉन दिसले तर मॉनिटरच्या आतला प्रकाश गेला आहे. कॅबिनेट उचलून आणायची गरज नाही, फक्त मॉनिटर आणा.

रॅम आणि खोडरबर

कॅप्स लॉकचा दिवा हलत नसेल तर पहिला संशय रॅमवर. पावसाळ्याची दमट हवा आणि धूळ यामुळे रॅमच्या सोनेरी पट्टीवर पुट चढतं. त्यात सांगलीची धूळ म्हणजे साधी धूळ नव्हे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवरची कॅबिनेट उघडली की आत सगळीकडे पिवळी साय धरलेली असते, पंख्याच्या पात्यावरसुद्धा, आणि नुसती फुंकर मारून ती निघत नाही.

ज्यांना हात लावायचं धाडस आहे त्यांनी असं करावं. कॉम्प्युटर बंद करा, पाठीमागची पॉवर केबल उपटून ठेवा आणि चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. बाजूचं पत्र्याचं झाकण काढा. हाताने आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. रॅमच्या टोकाची चिमटी मागे ढकलली की पट्टी वर येते. कडा धरूनच बाहेर काढा. मुलांच्या कंपासातलं पांढरं मऊ खोडरबर त्या सोनेरी दातांवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवा. रबर काळं पडतं आणि सोनं उजळतं, ते डोळ्यांना दिसतं. भुगा झटकून पट्टी खाचेशी खाच जुळवून परत दाबा, "टक्" असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, एखादी मेलेली असेल तर तिथेच कळतं.

पंधरा-वीस मिनिटांच्या या कामाने कितीतरी मशीन घरच्या घरी चालू झाली आहेत. त्यात आमचं गिऱ्हाईक जातं हे खरं, पण त्याच माणसाने पुढे नवीन मशीन आमच्याकडूनच घेतलं आहे.

नव्या डीडीआर-5 रॅमची एक गंमत लक्षात ठेवा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिची पारख करत बसतो आणि काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून मधेच बंद करू नका.

मशीन आतून टीं टीं करत असेल तर आवाज मोजा आणि आम्हाला सांगा. ओळीने एकसारखं वाजत राहिलं तर बहुधा रॅम, एक लांब आणि मग दोन-तीन छोटे असतील तर बहुधा ग्राफिक्स. बोर्डागणिक ही भाषा बदलते, म्हणून मोजलेला आकडा महत्त्वाचा. बऱ्याच नव्या बोर्डांवर आवाजाऐवजी चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोजची डिस्क). कुठला लागून राहिला त्याचा फोटो पाठवा.

बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल, सीआर 2032, म्हातारा झाला की घड्याळ मागे पडतं आणि काही बोर्ड सुरू व्हायलाच कुरकुर करतात. चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. मात्र एसएमपीएसचा, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा कुणीही घरी उघडू नये. पॉवर काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतका करंट राहतो.

लोगो येऊन मग अंधार झाला तर

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, झोपला असेल तर जागा होतो. नाही झालं तर विंडोज आणि पी दाबून बघा. क्लासवाल्यांकडे प्रोजेक्टर लावून झाल्यावर "फक्त दुसरी स्क्रीन" हा पर्याय तसाच राहतो आणि सगळे बोर्डाला शिव्या घालतात.

तरीही अंधार असेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान उघडतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग 4 दाबा. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालतं तेव्हा) चित्र आलं तर शेवटचा अपडेट किंवा ड्रायव्हर काढून टाकायचा. "रीसेट धिस पीसी" हे बटण मात्र आम्हाला विचारल्याशिवाय दाबू नका. मधेच बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, 48 आकडी की मागितली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. खात्याचा पासवर्ड कुठल्या वहीत लिहिलाय ते आजच बघून ठेवा.

पुराचं पाणी लागलेलं मशीन

2019 च्या ऑगस्टनंतर आणि पुन्हा 2021 ला आमच्याकडे चिखलाने भरलेल्या कॅबिनेटांची रांग लागली होती. पाणी ओसरल्यावर ज्यांनी "बघू तरी" म्हणून बटण दाबलं, त्यांचे बोर्ड जळाले. ज्यांनी बटणाला हात लावला नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा डेटा आम्ही काढून देऊ शकलो. म्हणून ओलं मशीन वाळलंय असं वाटलं तरी चालू करू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी चाळीस फुटांकडे सरकायला लागली की कॅबिनेट माळ्यावर टाका, बाकीचं नंतर.

दुकानात आणताना

फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटरवर संशय असेल तर तोही केबलसकट. माउस, कीबोर्ड घरीच राहू द्या. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही फॉरमॅट करत नाही आणि बदललेला जुना पार्ट बिलासोबत परत देतो. वडापच्या जीपने येत असाल तर कॅबिनेट मांडीवर आडवं धरा, काचेची बाजू वर करून, नाहीतर खड्ड्यात ग्राफिक्स कार्ड लोंबकळून त्याची खाच तुटते.