१६ कोटी ८८ लाख डॉलरचा प्रश्न : व्हिक्टोरियाच्या क्रिस्टल पूलमागची शंभर वर्षे

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी इथल्या मतदारांपुढे दोन प्रश्न ठेवले गेले. क्रिस्टल पूल या जुन्या तरणतलावाच्या जागी नवा सार्वजनिक तरणतलाव बांधण्यासाठी शहराने १६ कोटी ८८ लाख डॉलरपर्यंत कर्ज काढावे का, हा पहिला. नवी इमारत सेंट्रल पार्क या बागेच्या उत्तर बाजूला हवी की दक्षिण बाजूला, हा दुसरा. एकूण खर्चाचा अंदाज जागेनुसार साधारण २०.९ ते २१.६ कोटी डॉलर होता. कर्जाबाहेरची रक्कम राखीव निधी आणि इतर मार्गांनी उभी करायची होती.

एका तलावासाठी एवढी रक्कम, आणि तीही थेट लोकांना विचारून? हे समजायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते, कारण या शहराने पोहण्याच्या जागेसाठी मत देण्याची ही पहिली वेळ नव्हती.

१९२३ च्या अखेरीस कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आणि व्हिक्टोरिया शहर यांच्यातला एक करार करदात्यांच्या मतासाठी ठेवला गेला. रेल्वेने आपल्या एम्प्रेस हॉटेलच्या मागे काचेच्या छताखाली एक करमणूक केंद्र उभारायचे आणि शहराने त्यासाठी करात आणि पाण्यात सवलत द्यायची, असा तो सौदा होता. करदात्यांनी तो मोठ्या बहुमताने मान्य केला. फ्रान्सिस रॅटनबरी आणि पर्सी जेम्स यांच्या आराखड्यातून १९२५ मध्ये क्रिस्टल गार्डन उघडले. आत तापवलेल्या समुद्राच्या पाण्याचा तलाव होता. खारे पाणी, ऊब आणि वर लोखंड-काचेचे छत हे दिसायला देखणे असले तरी सांभाळायला फार महाग पडते. साठच्या दशकात ही इमारत तोट्याची आणि दुरुस्तीला न परवडणारी झाली होती. तिची पोहण्याची जबाबदारी घ्यायला १९७१ मध्ये क्वाड्रा स्ट्रीटवर नवा ५० मीटरचा बंदिस्त तलाव आला, आणि जुन्या नावाची आठवण म्हणून त्याला क्रिस्टल पूल म्हटले गेले. क्रिस्टल गार्डनची इमारत आजही उभी आहे, पण तिथे कोणी पोहत नाही.

१९७१ ची इमारत २०२५ मध्ये ५४ वर्षांची झाली. शाळेच्या किंवा कचेरीच्या इमारतीला हे वय फारसे नसते. बंदिस्त तलावाला असते, आणि त्याचे कारण पाण्यापेक्षा हवेत जास्त आहे.

आधी पाणी पाहू. ५० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर खोल तलावात २० लाख लिटर पाणी मावते. हे सगळे पाणी साधारण पाच तासांत एकदा गाळणीतून फिरवायचे, तर पंपांना ताशी ४ लाख लिटर ओढावे लागते. ओढणारे आणि परत सोडणारे पाइप बहुधा काठाच्या फरशीखाली किंवा तळाच्या काँक्रीटखाली पुरलेले असतात. जुन्या तलावात सांधे सुटतात, लोखंडी पाइप आतून कुरतडले जातात आणि पाणी जमिनीत मुरू लागते. पातळी दिवसाला फक्त १ सेंटीमीटर उतरली तरी १०,००० लिटर पाणी गेले. ते भरून काढायला १० अंशांचे नळाचे पाणी २८ अंशांवर न्यायचे, तर रोज सुमारे २१० युनिट उष्णता लागते, आणि वर तेवढ्या पाण्याचे क्लोरीन वेगळे. बाष्पीभवनाने पाणी जातेच, म्हणून गळती आहे की नाही हे ठरवायला एक साधी चाचणी करतात. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवायची, आपोआप पाणी भरणारी झडप २४ तास बंद ठेवायची. बादलीपेक्षा तलावाची पातळी जास्त उतरली, तर तो फरक गळतीचा. पंप चालू आणि पंप बंद अशी दोनदा चाचणी घेतली की गळती दाबाखालच्या पाइपात आहे की टाकीत, याचाही अंदाज येतो. नेमकी जागा मात्र फरशी फोडल्यावरच हाती लागते.

आता हवा. तलावावर नाकाला झोंबणारा जो वास येतो त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, पण खरे तर तो क्लोरामाइनचा असतो. पोहणाऱ्यांच्या घामातले आणि लघवीतले नायट्रोजनयुक्त पदार्थ क्लोरीनशी मिळून ही संयुगे तयार होतात. त्यांतले ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही, ते हवेत येते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि धातू खाल्ला जातो. तलावाची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के ठेवावी लागते. अशी उबदार दमट हवा भिंतीच्या किंवा छताच्या फटीतून आत शिरली की थंड भागावर तिचे पाणी होते. बाष्परोधक थराला एक भोक पडले तरी पुरे. इन्सुलेशन भिजते, मागचे पोलाद गंजते, आणि बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणूनच तलावाच्या दालनात हवेचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा थोडा कमी ठेवतात, म्हणजे दमट हवा आतच राहते. जुने पंखे आणि गळके हवानळ हे जमू देत नाहीत.

स्टेनलेस स्टील वापरले म्हणजे झाले, असेही नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात ९ मे १९८५ रोजी बंदिस्त तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मेले. छत स्टेनलेस स्टीलच्या गजांवर टांगलेले होते आणि क्लोराइडमुळे त्या गजांना ताणाखाली आतून तडे गेले होते. इमारत अवघ्या १३ वर्षांची होती. त्या घटनेनंतर युरोपात तलावांच्या छतांची तपासणी हा स्वतंत्र विषय झाला. वय झालेल्या तलावाबद्दल अभियंते जी घाई करतात तिच्यामागे ही भीती आहे, आणि ती खरी आहे.

व्हिक्टोरियात भूकंपाचीही भर आहे. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला समुद्राखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आहे. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला. १९७१ मध्ये बांधलेली सार्वजनिक इमारत आजच्या भूकंप-निकषांत बसत नाही. त्यामुळे दुरुस्तीचा पर्याय दिसतो तेवढा स्वस्त राहत नाही. छत उघडा, हवानळ बदला, पाइप काढा, तोवर सांगाड्याला बळकटी द्यावी लागते, आणि एवढे करूनही कपडे बदलायच्या खोल्या, उतार आणि दारे अपंगांना अडचणीची ती अडचणीचीच.

शहराला हे ठाऊक नव्हते असे नाही. २०१७ च्या सुमारास नवा तलाव बांधायचे ठरलेही होते. तेव्हाचा अंदाज ६ कोटी ९४ लाख डॉलरचा. मग जागेचा वाद निघाला. सेंट्रल पार्कमधली हिरवळ आणि खेळाची मैदाने भोवतालच्या दाट वस्तीला गरजेची, त्यांच्यावर इमारत का, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्तच होता. पण वाद मिटेना, काम पुढे सरकेना. सात-आठ वर्षांनी तोच विषय मतपत्रिकेवर आला तेव्हा आकडा तिप्पट झाला होता. दोन्ही अंदाजांत नेमके तेच बांधकाम नाही, म्हणून सगळा फरक विलंबाच्या नावे मांडणे बरोबर नाही. तरीही मधल्या काळात बांधकामाची मजुरी, पोलाद आणि व्याज सगळेच चढले, आणि जुना तलाव चालू ठेवण्याचा खर्च व्हायचा तो होतच राहिला.

लोकांना विचारणे ही महापालिकेची मेहरबानी नव्हती. प्रांताचा कम्युनिटी चार्टर हा कायदा दीर्घ मुदतीच्या कर्जाला मतदारांची संमती मागतो. कर्जफेडीचा एकूण वार्षिक बोजा महसुलाच्या एका ठरावीक छोट्या हिश्श्याच्या आत असेल तर संमतीची गरज नाही, आणि २५ टक्क्यांच्या वर तो जाऊच शकत नाही. मधल्या पट्ट्यात दोन वाटा असतात. एक सरळ सार्वमताची. दुसरी पर्यायी संमती-प्रक्रियेची. तिच्यात महापालिका जाहीर सूचना देते आणि किमान ३० दिवस विरोधाचे अर्ज स्वीकारते. १० टक्के मतदारांनी विरोध नोंदवला नाही तर संमती मिळाली असे धरतात. म्हणजे गप्प बसलेला मतदार होकारात मोजला जातो. किरकोळ गटारकामाला ही पद्धत ठीक असेल. एवढ्या मोठ्या कर्जाला ती वापरणे लोकांना पटत नाही, आणि व्हिक्टोरियाने हे स्वतः भोगले आहे.

शहराच्या मधोमध जॉन्सन स्ट्रीटवर १९२४ चा उचलता पूल होता. जोसेफ स्ट्रॉस यांच्या रचनेचा, म्हणजे पुढे गोल्डन गेट पुलामुळे जगाला माहीत झालेले तेच स्ट्रॉस. २००९ मध्ये तो पाडून नवा बांधायचे ठरले आणि ४ कोटी २० लाख डॉलरच्या कर्जासाठी महापालिकेने पर्यायी प्रक्रिया निवडली. विरोधाला सुमारे ६,३०० अर्ज पुरेसे होते. जानेवारी २०१० पर्यंत साडेनऊ हजारांहून जास्त जमले. प्रस्ताव अडला, सार्वमत घ्यावे लागले, आणि २० नोव्हेंबर २०१० रोजी ४ कोटी ९२ लाख डॉलरच्या कर्जाला सुमारे ६१ टक्के मतदारांनी होकार दिला. तेव्हा सांगितलेला एकूण खर्च ७ कोटी ७० लाख. पूल ३१ मार्च २०१८ ला उघडला तेव्हा तो साडेदहा कोटींवर गेला होता. २०२५ मध्ये तलावाच्या खर्चाविषयी जी शंका दारोदारी ऐकू आली, तिचे मूळ या पुलात आहे. ज्याने एकदा विश्वासाने मत दिले त्याने दुसऱ्यांदा हिशेब मागावा, यात गैर काही नाही.

हिशेबात पाहायचे ते असे. प्रश्नातला ‘पर्यंत’ हा शब्द कर्जाची कमाल मर्यादा सांगतो, खर्चाची नव्हे. आराखडा प्राथमिक असताना केलेला अंदाज वीस-तीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून आकस्मिक खर्चाची तरतूद आणि बांधकामाच्या मधल्या वर्षापर्यंतची भाववाढ त्यात धरली आहे का, हे आधी विचारावे. मग मुदत. उदाहरणादाखल व्याज ४.५ टक्के धरू. १६ कोटी ८८ लाखांवर २० वर्षांच्या मुदतीत वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरचा हप्ता येतो आणि एकूण परतफेड २६ कोटींच्या आसपास जाते. ३० वर्षे घेतली, आणि कायद्याने याहून जास्त घेता येत नाही, तर हप्ता १ कोटी ४ लाखांवर उतरतो पण परतफेड ३१ कोटींवर पोचते. शिवाय नवा तलाव चालवायचा रोजचा खर्च या दोन्ही आकड्यांत नाही. तिकिटांच्या पैशातून सार्वजनिक तलाव क्वचितच चालतो, तूट घरपट्टीवरच येते.

जागेच्या प्रश्नातही पैसा दडलेला होता. उत्तर बाजू म्हणजे जुन्या तलावाचीच जागा. तिथे बांधायचे तर आधी जुना पाडायचा आणि काही वर्षे शहराने तलावाविना काढायची. दक्षिण बाजू घेतली तर काम चालू असताना जुना तलाव वापरात राहू शकतो, पण बागेची उघडी जमीन जाते. जुन्या पाइपांनी तोवर दम धरला पाहिजे, हा धोका दक्षिणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कमी लेखला, असे आमचे मत आहे. दुसरीकडे संधिवातासाठी आठवड्यातून तीनदा पाण्यात उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना चार-पाच वर्षे थांबा म्हणणे सोपे नाही. हा निर्णय नगरसेवकांनी आपल्यावर न ठेवता मतपत्रिकेवर टाकला, हे आम्हाला योग्य वाटते. याच वादाने आधीचा प्रकल्प बुडाला होता.

मत देण्याचा अधिकार १८ वर्षांवरच्या कॅनेडियन नागरिकांना, तेही प्रांतात किमान सहा महिने राहिलेल्यांना. शहरात मालमत्ता असलेला पण बाहेर राहणारा नागरिकही अटींवर मत देऊ शकतो. कंपन्यांना मत नाही. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाही नाही. भारतातून गेलेल्या अनेक कुटुंबांना, त्यांत मराठी घरेही आली, ही अट ठाऊक नसते. घर विकत घेतलेले, घरपट्टी भरलेली, मुले त्याच तलावात पोहायला शिकणारी, आणि तरी नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत या मतपत्रिकेवर त्यांचा हक्क नाही.

मतमोजणीत कर्जाला सुमारे ५७ टक्के होकार मिळाला आणि जागा म्हणून उत्तर बाजू निवडली गेली. कायद्याला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मते पुरतात. किमान मतदानाची अट नाही.

होकार मिळाला म्हणजे दुसऱ्या दिवशी पैसे आले असे होत नाही. कर्जाच्या उपविधीची, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक कायद्याची, तीन वाचने आणि प्रांताच्या नगरपालिका निरीक्षकांची मंजुरी मतदानाआधीच घ्यावी लागते. मतदानानंतर उपविधी अंतिमतः संमत होतो. मग एक महिना कोणालाही न्यायालयात आव्हान देता येते, आणि तो उलटल्यावर निरीक्षक प्रमाणपत्र देतात. शहर थेट बाजारात जात नाही. मागणी कॅपिटल रीजनल डिस्ट्रिक्ट या प्रादेशिक संस्थेमार्फत म्युनिसिपल फायनान्स अथॉरिटीकडे जाते. १९७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था प्रांतातल्या नगरपालिकांसाठी एकत्रित रोखे काढते, त्यामुळे छोट्या गावालाही मोठ्यांच्या दराने पैसा मिळतो. दिलेल्या कर्जातला १ टक्का ती राखीव म्हणून अडकवून ठेवते. पूर्ण रक्कम उचलली तर इथे ते १६ लाख ८८ हजार डॉलर होतात, म्हणजे हातात तेवढे कमी येतात. व्याजदर साधारण पहिली दहा वर्षे बांधलेला असतो, पुढे तो नव्याने ठरतो. आणि पाच वर्षांत न उचललेल्या रकमेचा अधिकार आपोआप संपतो. त्यानंतर पुन्हा उपविधी, पुन्हा मतदान.