ओटा फोडायची घाई नको

‘ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन निघतो, कॅन्सर होतो, ओटा काढून टाका’ हा मेसेज कैक वर्षं फिरतोय.

ग्रॅनाइटमध्ये किंचित युरेनियम असतं आणि त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो, हे खरंच. पण घरातला बहुतेक रेडॉन पायाखालच्या जमिनीतून, फरशीच्या भेगांतून येतो. ओट्याचा वाटा नगण्य. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी खाली काळा बेसाल्ट खडक, त्यात युरेनियम कमीच. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे मात्र जमिनीतच ग्रॅनाइट आहे.

धोका खोटा नाही. वर्षानुवर्षं जास्त रेडॉन श्वासात गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, बिडी ओढणाऱ्याला तर अधिकच. वास नाही, रंग नाही, म्हणून मोजावंच लागतं: तळमजल्यावर झोपायच्या खोलीत डिटेक्टर तीनेक महिने ठेवा (ओट्यावर नको). सरासरी १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) प्रति घनमीटरच्या वर गेली तर भेगा बुजवा, हवा खेळती ठेवा.