अँकरेजला निघण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी, बुकिंग झालं की फोन येतोच, अहो सगळे दिवस एकाच हॉटेलात का ठेवलंय, बाकीचे टूरवाले तर रोज नवीन गाव दाखवतात. मुद्दामच ठेवलंय. अलास्कात तुमचा दिवस कसा जाणार हे आम्ही नाही, आभाळ ठरवतं. रोज बॅगा उचलून पुढं पळत राहिलात तर ज्या दिवशी ढग त्या दिवसाचं ठिकाण गेलं ते गेलंच, पण मुक्काम अँकरेजला असेल तर सकाळी पडदा सरकवून बघायचं आणि आज कुठं ते ठरवायचं. क्रूझची तारीख तेवढी आधीच पक्की केलेली असते, बाकी दिवस मोकळे सोडलेत.

शहर अगदी पाण्याला लागून आहे, समोर कुक इनलेट ही समुद्राची खाडी आणि पाठीशी चुगॅच डोंगर. हवा स्वच्छ असेल तर ६१९० मीटरचा डेनाली पर्वत शहरातूनच दिसतो. नाही दिसला तर आम्हाला बोलू नका, तो बराच वेळ ढगातच असतो. जेट लॅगच्या दिवशी कोस्टल ट्रेलवर चालून या, सायकल भाड्याने घेतली तर आणखी मजा. फक्त ओहोटीला समोर जो करडा सपाट चिखल उघडा पडतो त्यावर फोटोसाठीसुद्धा पाय ठेवायचा नाही. ग्लेशियरने, म्हणजे हिमनदीने, दगड दळून केलेली ती बारीक पूड आहे, वरून घट्ट वाटते पण पाय आत गेला की भोवती आवळून बसते, निघत नाही, आणि भरती तिथं फार झपाट्याने येते. पाट्या लावलेल्या आहेत, त्या उगाच लावलेल्या नाहीत.

सगळ्यात सुंदर रस्ता दक्षिणेकडचा सुअर्ड हायवे. उजवीकडे टर्नअगेन आर्म ही चिंचोळी खाडी, डावीकडे सरळ उभे कडे आणि त्या कड्यांवर कधीकधी पांढऱ्या डॉल मेंढ्या चरताना दिसतात. बेलुगा पॉइंटला थांबा, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टमध्ये सॅमन माशांच्या मागे पांढरे बेलुगा व्हेल येतात, पण गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. पुढं पोर्टेज ग्लेशियर. इथलं व्हिजिटर सेंटर १९८६ ला उघडलं ते ग्लेशियर बघायला म्हणूनच, आणि आता ग्लेशियर इतकं मागं सरकलंय की तिथून दिसतच नाही, तळ्यातून बोटीने जवळ जावं लागतं. बोटीचे पैसे वाचवू नका.

व्हिटियर बंदरातून सुटणारी क्रूझ घेतलेल्यांनी तिथं जायच्या बोगद्याचं नीट वाचा. सुमारे चार किलोमीटरचा एकच लेनचा बोगदा, त्यातूनच ट्रेनही जाते आणि तुमची गाडी रुळांवरूनच चालते. दिशा आलटून पालटून सोडतात, अँकरेजकडून जाताना साधारण साडेआठ, साडेनऊ असं दर तासाच्या साडेला आणि परत येताना नऊ, दहा असं बरोबर तासाच्या ठोक्याला. पाच मिनिटं थोडीशी पुढंमागं करू म्हणून गेट चुकलं की तासभर बसा, तोवर बोट निघून जाते आणि त्याचा रिफंड नाही. रात्री बोगदा बंद असतो, म्हणून व्हिटियरला जेवत बसू नका.

मूस म्हणजे ते अवाढव्य हरणासारखं जनावर, शहरात अगदी पार्किंगमध्येही दिसतं. शांत वाटतं म्हणून सेल्फीला जवळ जाऊ नका, मे-जूनमध्ये पिल्लू सोबत असलं तर मादी थेट अंगावर येते. मूस धावून आला तर पळा आणि झाडामागे जा, अस्वल दिसलं तर मात्र अजिबात पळायचं नाही, बोलत बोलत हळूहळू मागं सरकायचं. दोन्ही उलट आहेत, मुलांनाही समजावून सांगा. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, तिथंच घ्या आणि परतताना तिथंच सोडा, विमानात ना हँडबॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये.

जून-जुलैत नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आभाळातले ते रंगीत प्रकाश, दिसत नाहीत हो, दरवेळी सांगावं लागतं. जूनच्या शेवटी दिवसच एकोणीस तासांचा असतो, अंधारच पडत नाही तर दिसणार कुठून? त्यासाठी ऑगस्टच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतचा सीझन. उन्हाळ्यातल्यांनी आय मास्क न्या, आणि डासांचं क्रीमही, डास आपल्याकडच्यांपेक्षा कमी नाहीत.

कपडे एकावर एक घालता येतील असे, दुपारी १७-१८ डिग्री असलं तरी बोट ग्लेशियरजवळ गेली की वारा हाडात शिरतो. पोटात ढवळणाऱ्यांनी गोळी बोटीत चढण्याआधी घ्यायची, चढल्यावर नाही. खायला ठेपले, लाडू, चिवडा बिनधास्त न्या पण कस्टमला विचारलं की हो आहे असं सांगा. हापूसची पेटी मात्र नाही, ताजी फळं काढून घेतात.

गाडी चालवणाऱ्यांनी ओरिजिनल लायसन्ससोबत आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, डिजिलॉकर तिथं कुणी बघत नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं, म्हणजे तुमची सकाळ ती आमची रात्र. अडलं तर फोन कधीही करा, पण बोगद्याआधी कुठल्या रांगेत लागायचं एवढंच विचारायचं असेल तर तिथल्या गेटवरच्या माणसाला विचारा.