क्वीन मेरी : बोटीच्या पोटातील बंद जागा

क्वीन मेरी ही अटलांटिक महासागर ओलांडणारी जुनी ब्रिटिश प्रवासी बोट डिसेंबर १९६७ पासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच येथे कायमची बांधून ठेवलेली आहे. वरच्या मजल्यांवर हॉटेल, उपाहारगृहे आणि समारंभांची दालने आहेत, आणि बहुतेक पाहुण्यांना बोट म्हणून तेवढीच ठाऊक असते. त्याखाली, पाण्याच्या पातळीजवळ आणि तिच्याही खाली, एक दुसरीच बोट आहे. तिच्यात रिकाम्या बॉयलरखोल्या, पंख्यांच्या (बोट पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरांच्या) दांड्यांचा बोगदा, कोरडा पडलेला तलाव आणि नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, मालाची कोठारे आहेत. काही जागा मार्गदर्शकासोबत पाहता येतात, काहींना कायमचे कुलूप आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः या जागांची आहे.

बोटीची बांधणी स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत १९३० च्या अखेरीस सुरू झाली. नाव अजून ठरले नव्हते, त्यामुळे ती ५३४ या क्रमांकानेच ओळखली जाई. जागतिक मंदीत पैसा आटला, डिसेंबर १९३१ मध्ये काम थांबले आणि अर्धवट सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ गोदीत गंजत उभा राहिला. उपेक्षेशी तिची ओळख अशी जन्माआधीचीच आहे. बोट बांधून घेणारी क्यूनार्ड आणि व्हाइट स्टार या दोन जहाज कंपन्या एकत्र येतील तरच कर्ज देऊ, अशी अट ब्रिटिश सरकारने घातली. ती मान्य झाल्यावर एप्रिल १९३४ मध्ये पुन्हा हातोडे वाजू लागले. २६ सप्टेंबर १९३४ रोजी राणी मेरीच्या हस्ते बोट पाण्यात उतरली आणि २७ मे १९३६ रोजी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीला निघाली. लांबी सुमारे ३११ मीटर, नोंदणीच्या वेळचे आकारमान ८०,७७४ टन. अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडल्याचा ब्लू रिबँड हा मान तिने १९३६ मध्ये मिळवला. पुढच्याच वर्षी तो नॉर्मंडी या फ्रेंच बोटीने हिरावला. १९३८ मध्ये परत आलेला मान मग १९५२ पर्यंत तिच्याकडेच राहिला.

हा वेग तळाशी तयार होई. पाच बॉयलरखोल्या होत्या. पंखे फिरवणाऱ्या टर्बाइनांना २४ बॉयलर वाफ पुरवत, आणि दिवे, गरम पाणी, स्वयंपाकघर अशा घरगुती गरजांसाठी आणखी तीन वेगळे बॉयलर होते. दोन इंजिनखोल्यांत टर्बाइनांचे चार संच आणि त्यांना जोडलेले चार पंखे, मिळून सुमारे १,६०,००० अश्वशक्ती. बोट तेलावर चाले, म्हणून फावड्याने कोळसा ओतणारी माणसे येथे नव्हती. पी अँड ओसारख्या ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या कोळशाच्या बोटींवर हे काम भारतीय खलाशी करत आणि त्यांना आगवाला म्हणत. क्वीन मेरीच्या काळात तो शब्द मागे पडू लागला होता.

प्रवाशांची विभागणीही बोटीच्या आकारानुसार होती. हेलकावे सर्वांत कमी जाणवतात तो मधला भाग वरच्या वर्गाला, पिछाडी मधल्या वर्गाला आणि लाटांचा मारा सोसणारी नाळेकडची बाजू तिसऱ्या वर्गाला. जपणूक करतानाही हीच उतरंड कायम राहिली. वरच्या वर्गाचे भोजनगृह आज समारंभाचे दालन म्हणून वापरात आहे. त्याच्या भिंतीवरचा मॅकडॉनल्ड गिल यांनी रंगवलेला अटलांटिकचा भव्य नकाशा जागच्या जागी आहे. त्यावर सरकणारी स्फटिकाची छोटी बोट प्रवाशांना आपण कुठवर आलो ते दाखवी. तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला अशी निगा आली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोटीला राखाडी रंग फासून तिची सैनिकवाहू बोट केली गेली. मुंबईशी तिचा संबंध आला तो तेव्हा. ऑक्टोबर १९४० मध्ये सिडनीहून निघालेले ऑस्ट्रेलियन सैनिक तिने मुंबईपर्यंत आणले आणि तेथून ते लहान बोटींनी मध्यपूर्वेकडे गेले. जुलै १९४३ च्या एका फेरीत कर्मचाऱ्यांसह १६,६८३ माणसे होती. बोटीचे लाल, पांढरा व निळा असे तीन उभे पट्टे पाडलेले असत आणि ज्याला ज्या रंगाचा बिल्ला मिळाला त्याने त्याच पट्ट्यात राहायचे, असा नियम होता. झोपण्याच्या फळ्या एकावर एक रचलेल्या, त्याही पाळीपाळीने वापरायच्या. तलावातले पाणी काढून तिथेही त्या लावल्या होत्या.

पोट कसे रिकामे झाले

जेट विमानांनी अटलांटिकचे प्रवासी पळवले आणि १९६७ मध्ये क्यूनार्डने बोट विकायला काढली. लाँग बीच शहराने ती ३४.५ लाख डॉलरना घेतली. केप हॉर्नला वळसा घालून ९ डिसेंबर १९६७ रोजी ती तेथे पोचली. पुढची तीन-साडेतीन वर्षे जे घडले त्याला जपणूक म्हणावे की चिरफाड, यावर बोटीचे चाहते आजही भांडतात. संग्रहालयाला जागा हवी म्हणून खालचे मजले जवळपास साफ करण्यात आले. सर्व बॉयलर, पुढची इंजिनखोली, वीजनिर्मितीच्या खोल्या, पाणी मृदू करणारी यंत्रे, हेलकावे कमी करणारी यंत्रणा, सगळे कापून बाहेर काढले. पिछाडीची इंजिनखोली आणि दांड्यांचा बोगदा एवढेच वाचले.

एवढे अवजड सामान वर काढायला मोठे भोक हवे होते, म्हणून तिन्ही धुराडी उतरवली. तेव्हा उघड झाले की पत्रा गंजून गेला आहे आणि धुराडी वर्षानुवर्षे चढवलेल्या रंगाच्या थरांवर उभी होती. आज दिसतात त्या त्यांच्या प्रतिकृती आहेत. हजारो टन वजन गेल्यावर बोट हलकी होऊन डुगडुगली असती. त्यावर उपाय म्हणून तेलाच्या रिकाम्या टाक्यांत स्थानिक चिखल भरला. तरीही ती पूर्वीपेक्षा उंच तरंगू लागली, त्यामुळे बुडाचा लाल रंग पूर्वीपेक्षा जास्त दिसतो. जुन्या छायाचित्राशेजारी आजचे ठेवले तर हा फरक नजरेला कळतो.

याच सुमारास एक मजेशीर वाद झाला. रूपांतराचे काम जहाजी कामगारांचे की जमिनीवरच्या कारागिरांचे, यावर संघटनांची जुंपली. निवाडा अमेरिकी तटरक्षक दलाकडे गेला. यंत्रे काढलेली, पंखे बहुतेक उतरवलेले. तेव्हा ही बोट नसून इमारत आहे, असे ठरले. कागदोपत्री इमारत झालेली ही वस्तू पाण्यात मात्र तरंगतच राहिली, आणि इमारतीला न जडणारे रोग तिला जडतच राहिले.

मोकळ्या केलेल्या पोटात फ्रेंच सागरसंशोधक झाक कुस्तो यांच्या कल्पनेतले सागर संग्रहालय उभे राहायचे होते. ठरलेल्यापैकी सुमारे चौथा भागच बांधला गेला. प्रेक्षक कमी आले, मासे मेले आणि दहा वर्षांच्या आत तेही बंद पडले. म्हणजे ज्यासाठी बॉयलर काढले ते टिकले नाही, आणि बॉयलर तर परत येणार नव्हते.

खाली काय उरले आहे

बॉयलरखोल्यांत आता बॉयलर नाहीत, त्यांच्या आकाराची पोकळी आहे. काही खोल्या प्रदर्शने आणि भुताटकीचे खेळ यांनी भरल्या, काही तशाच राहिल्या. यांतल्या एखादीत उभे राहिले की कित्येक मजले उंच पोलादी भिंती, तुटक कठड्यांच्या खुणा आणि कुठेच न जाणाऱ्या शिड्या दिसतात. येथे बोट वाचण्याची एक सोपी किल्ली आहे. १९३० च्या दशकातले काम रिव्हेटचे आहे, पत्र्यांच्या जोडावर गोल डोक्यांच्या सरळ रांगा. १९६८ नंतरचे काम वेल्डिंगचे आणि गॅसने कापलेले. रिव्हेटची रांग मध्येच तुटून कडा ओबडधोबड दिसली, की तिथे काहीतरी होते आणि ते काढले गेले असे समजावे. जाणकार पाहणारे हातात बांधणीच्या वेळचे मजलेवार आराखडे घेऊन उतरतात ते यासाठीच. दिसणाऱ्या खोलीपेक्षा नसलेल्या यंत्राचा माग काढणे हा या पाहणीचा खरा गाभा.

पिछाडीची इंजिनखोली हा त्या मानाने भरलेला भाग. टर्बाइनांची आवरणे, गिअरच्या प्रचंड पेट्या, नियंत्रणाची चाके आणि तबकड्यांची भिंत तिथे आहे. तिच्याजवळच बोटीच्या बाजूला भोक पाडून बाहेरून एक पोलादी पेटी जोडलेली आहे. आत शिरून कठड्यावरून खाली वाकले की हिरवट पाण्यात बुडालेला पंखा दिसतो. काशाच्या जातीच्या मिश्रधातूचा, सुमारे ३२ टनांचा, चारांपैकी जागेवर उरलेला हा एकच. वरच्या दालनांतल्या लाकडी नक्षीत बोटीचा आकार कळत नाही. या एका पंख्याशेजारी तो कळतो.

दांड्यांच्या बोगद्यात जलरोधक दारांची रांग आहे. पाणी शिरले तर एका कप्प्यातले दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ही जाड पोलादी दारे यंत्राने सरकून बंद होत. जुलै १९६६ मध्ये १३ क्रमांकाच्या दारात सापडून १८ वर्षांचा एक कर्मचारी मरण पावला. पुढे त्या दाराभोवती भुतांच्या कथांचे पीक आले आणि आज बोटीची निम्मी प्रसिद्धी त्यावर चालते. कथा ऐकणाऱ्यांपैकी किती जण त्या दाराची जाडी नीट न्याहाळतात, हा प्रश्न पडतो.

वरच्या वर्गाचा तलाव दोन मजले उंचीच्या दालनात आहे. टाइलची नक्षी आणि जिने शाबूत आहेत, पण पाणी नाही आणि आता ते भरता येण्याजोगेही नाही. मधल्या वर्गाचा तलाव तर काढूनच टाकला. नाळेकडे कोठारे आणि अरुंद जागा आहेत. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस याच नाळेने सोबतच्या क्युराकोआ या ब्रिटिश युद्धनौकेचे दोन तुकडे केले होते. तीनशेहून अधिक नौसैनिक मेले. पाणबुड्यांच्या भीतीने थांबायचे नाही असा हुकूम असल्याने क्वीन मेरी बुडणाऱ्यांना मागे टाकून पुढे गेली. नाळेची दुरुस्ती नंतर बॉस्टनला झाली.

धोके आणि डागडुजी

अशा जागी परवानगीशिवाय उतरणे हे धाडसापेक्षा अज्ञानाचे लक्षण मानावे. नळांभोवतीच्या जुन्या वेष्टणात अ‍ॅसबेस्टॉस असते, सुटलेल्या रंगाच्या पापुद्र्यांत शिसे. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे बंद टाकीतली हवा. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते. वर्षानुवर्षे मिटलेली टाकी उघडून कोणी आत उतरले तर वास नाही, धूर नाही, आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला धावलेलाही तिथेच पडतो. जहाजांवर हवा मोजल्याखेरीज टाकीत उतरायचे नाही, हा नियम त्यातूनच आला.

दुर्लक्षाचा हिशेब येथे दुहेरी आहे. हॉटेलच्या खोल्या, दालने वारंवार नव्याने सजवली गेली आणि त्यात मूळचे बरेच हरवले. ज्या कोपऱ्यांकडे कोणी फिरकले नाही तिथे जुना रंग, जुन्या पाट्या राहून गेल्या. पण त्याच कोपऱ्यांत गंजही विनाअडथळा वाढला. रूपांतरानंतर बोट सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून बूड उघडे करतात त्या गोदीत, गेलेलीच नाही. २०१७ मध्ये समोर आलेल्या एका तांत्रिक पाहणीने दुरुस्तीचा खर्च २३.५ ते २८.९ कोटी डॉलर सांगितला आणि त्यातले बहुतेक काम तातडीचे म्हटले. कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये बोट बंद पडली. पुढच्या वर्षी भाडेकरू कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर ताबा शहराकडे आला, आणि बोट कलंडू नये म्हणून २.३ कोटी डॉलरची कामे लगेच हवीत, असे नव्या पाहणीत निघाले. मग तळाचे पाणी उपसणारे पंप, आतल्या आडभिंती, पाणी शिरल्याची सूचना देणारी यंत्रणा यांवर हात फिरला. कुजलेल्या जीवरक्षक होड्या बहुतेक उतरवल्या गेल्या, कारण त्यांच्या वजनाने बाजूंवर ताण येत होता. २०२३ मध्ये बोट पुन्हा खुली झाली. तिला बुडण्यापासून राखणारे हे पंप पाहुण्यांना दाखवले जाणाऱ्या यादीत सहसा नसतात.

इतर जपलेल्या बोटींशी तुलना केली की लाँग बीचचे नुकसान ठळक होते. जपानमध्ये योकोहामा येथील १९३० ची हिकावा मारू आणि नेदरलँड्समधील १९५९ ची रॉटरडॅम या आकाराने बऱ्याच लहान, पण त्यांच्या इंजिनखोल्या जागेवर आहेत आणि पाहता येतात. क्वीन मेरीच्याच गोदीत जन्मलेली क्यूई टू (क्वीन एलिझाबेथ टू) २०१८ पासून दुबईत हॉटेल आहे. आखाती मराठी कुटुंबांना अशी बोट पाहायची तर ती सर्वांत जवळची, मात्र तिची मूळ वाफेची यंत्रे १९८६-८७ मध्येच जाऊन डिझेल आली होती. ब्लू रिबँड हिसकावून घेणारी युनायटेड स्टेट्स नावाची बोट तर आतून पार सोलली गेली. अ‍ॅसबेस्टॉस काढताना भिंतीसुद्धा उरल्या नाहीत. कित्येक वर्षे फिलाडेल्फियात पडून राहिल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये, फ्लोरिडाजवळ बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करण्याकरता, तिला ओढून नेण्यात आले.