निरोपाचं दुःख आणि डिप्रेशन

'आजार बरा होणार नाही हे कळल्यावर माणूस उदास होणारच.' घरचे असं म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात. खोटं काहीच नाही त्यात. पण एवढं म्हणून सगळे थांबतात आणि ज्यावर उपचार झाले असते असं डिप्रेशन तसंच राहून जातं. हॉस्पिसमधल्या, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या ठिकाणच्या मानसशास्त्रज्ञाचं सगळ्यांत मोलाचं काम कोणतं, तर माझ्या मते निरोपाचं दुःख आणि डिप्रेशन हे दोन वेगळे ओळखणं.

पंचाईत अशी की एरवी डिप्रेशनच्या म्हणून ज्या खुणा सांगतात, म्हणजे भूक मेलेली, झोप उडालेली, वजन उतरलेलं, अंगात त्राण नाही, त्या सगळ्या कॅन्सरमुळेही दिसतात. त्यामुळे त्यांच्यावर फार विसंबता येत नाही.

दुःख येतं आणि ओसरतं. सकाळी रडून डोळे सुजलेल्या आजी दुपारी नात आली की तिची वेणी घालून देतात. सुनेला म्हणतात, 'दिवाळीला मी असेन-नसेन, भाजणीचं प्रमाण लिहून घे.' हे दुःखच आहे, पण त्यात माया शाबूत आहे आणि उद्याची काळजीही. डिप्रेशनमध्ये नात जवळ येऊन बसली तरी आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. बोलल्याच तर, 'माझ्यामुळे सगळ्यांचे हाल झाले, मी कुणाच्या उपयोगाची नाही.' रोज, दिवसभर, असंच. स्वतःला असं कस्पटासमान मानणं, अपराधीपणा आणि कशातच गोडी न उरणं, या खुणा आजाराच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

'देवानं आता न्यावं' हे दुःखातला माणूसही म्हणतो आणि डिप्रेशनमधलाही. म्हणून त्यामागे काय आहे ते विचारावं लागतं. कधी ती थकलेल्या जिवाची शांत तयारी असते. कधी जीव संपवण्याचा विचार असतो. तेव्हा माणसाला एकटं न सोडता लगेच डॉक्टरांना कळवायचं. पुष्कळदा नुसत्या न शमलेल्या वेदना असतात आणि मॉर्फिनचा डोस नीट बसला की बोलणंच बदलतं. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना मिळून एकच होते, हे त्यांनी मांडलं.

विचारायचं कसं? सरळ. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांच्या 1997 च्या अभ्यासात मृत्यूच्या जवळ पोहोचलेल्या रुग्णांना 'तुम्ही बहुतेक वेळ उदास असता का?' अशा अर्थाचा एकच प्रश्न विचारला, तर तो प्रश्नावलीपेक्षा सरस ठरला. विचारल्यानं माणूस खचेल ही भीती आपल्याकडे फार आहे. 'बाबांना काही सांगू नका' म्हणणाऱ्या घरांत तर जास्तच. बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं, फक्त बोलायला कुणी नसतं.

पुढची वाट इथून वेगळी होते. दुःखाला गोळी नको, सोबत हवी. चोचिनोव यांच्याच 'डिग्निटी थेरपी'त रुग्णाला आयुष्यात काय महत्त्वाचं वाटलं ते विचारून, टेप करून, लिहून घरच्यांसाठी ठेवतात. डिप्रेशनला मात्र समुपदेशनाबरोबर औषधही लागू शकतं. ते मानसशास्त्रज्ञ देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ किंवा पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारे डॉक्टर देतात. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. हाताशी महिनेच असतील, तर 'बघू थोडे दिवस' हे फार महागात पडतं.

एक तिसरी गोष्टही या दोन्हींसारखी दिसते. कालपर्यंत बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत एकदम गप्प, सुस्त झाला, वेळ-जागेचं भान सुटलं, तर तो डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो. तेव्हा समुपदेशकाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावं.

मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून, तर पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 पासून अशा रुग्णांची काळजी घेतं. रुग्ण कुठेही असो, उदासी दोन आठवडे दिवसभर हटत नसेल, तर 'होणारच' असं न म्हणता मानसशास्त्रज्ञाची भेट मागून घ्या. ती मागणारे घरचेच असावे लागतात, कारण डिप्रेशनमधला माणूस स्वतःसाठी काहीच मागत नाही.